अधांतरी तिफण

लग्न होऊन मी रिठदच्या बाजूच्या खेड्यात आले, ते सत्तरच्या पुढचंच कुठलंतरी साल. नवरा अकोल्याला नोकरीवर, महिन्यातून एकदा यायचा. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. घरात मी आणि सासरे, आणि गावाबाहेर चार एकर वावर. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच गावकीची कामं सोडली होती आणि ते शेतीला लागले होते. सुताराजवळ बसून त्यांनी बाभळीची तिफण करवून घेतली. बी पेरायचं ते तीन फणांचं अवजार म्हणजे या घरात आलेली पहिली आपली वस्तू, असं ते एकदा सहज बोलून गेले होते.

हरभरा पेरून झाल्यावर तिफण साफ करून कोठ्यात ठेवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. कोठ्यात पुढं बैल आणि मागच्या अंगाला कडबा, दोर, अवजारं. मी तिफण वरवर पुसली आणि भिंतीला टेकवली. बी ज्यातून जमिनीत उतरतं त्या वेळूच्या नळ्या, सरते, उलटे करून झटकायचे राहिले. त्या दिवशी नवऱ्याचं पत्र आलं होतं आणि माझं सगळं ध्यान घराकडे होतं.

जेठात पेरणीच्या तयारीला मी तिफण काढायला गेले, तेव्हा मला सातवा महिना होता. चाडं, म्हणजे बी टाकायचा लाकडी वाडगा, दोराच्या आणि गोधडीच्या चिंध्यांनी भरून गेलं होतं. त्याची कड कुरतडलेली. सरते तर दातांनी सोलून काढलेले. चिंध्या सारल्या, तर आत उंदराची पाच-सहा पिल्लं होती. गुलाबी, डोळे मिटलेली, एकमेकांवर पडून हलकेच श्वास घेणारी. त्याच वेळी माझ्या पोटात बाळ फिरलं. मी तिथेच खाली बसले. कौलांच्या फटींतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि किती वेळ गेला ते मला कळलं नाही.

सासरे आले. मी म्हटलं, "मामाजी, माह्याकडूनच झालं. सरते झटकलेच नाही मी."

ते चाड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "दाण्याचा वास होता आत. मंग उंदरं काहून सोडतीन?"

त्यांनी पिल्लांसकट चिंध्यांचा तो गोळा टोपल्यात उचलून नेला. कुठे, ते विचारायची मला हिंमत झाली नाही. संध्याकाळी हात धुताना आपणहून म्हणाले की नाल्याच्या काठी झुडपात ठेवला. पिल्लांची आई तिथवर पोचली असेल का, हे पुढे बरेच दिवस माझ्या मनात येत राहिलं.

सुताराकडे तेव्हा अख्ख्या गावाची अवजारं पडलेली. नवं चाडं मिळायला चार दिवस गेले. सरते रिठदच्या बुरडाकडून आणावे लागले. चहूकडे पेरणी चालू आणि आमचं वावर तेवढं काळंभोर, रिकामं. सासरे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहत. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

भादव्यात मुलगी झाली. दिवाळीनंतर हरभरा पेरला आणि तिफण पुन्हा कोठ्यात ठेवायची वेळ आली. या वेळी मी एकेक सरता झटकला, आतून काडीने कोरला, सगळं उन्हात वाळवलं. मग सासऱ्यांना म्हटलं की हिला वर टांगू. त्यांनी आढ्याला दोर बांधले आणि आम्ही दोघांनी मिळून तिफण चढवली. तिसऱ्याच दिवशी दुपारी मी पाहिलं, एक उंदीर दोरावरून आरामात खाली उतरत होता.

सासरे म्हणाले की आता मांजर पाळावं. मी म्हटलं, थांबा. गोड्या तेलाचा रिकामा डबा होता, तो लोहाराकडून कापून आणला. त्याच्या थाळीएवढ्या चकत्या केल्या, मधोमध भोक पाडलं. दोर काढून तार लावली आणि प्रत्येक तारेत एक चकती ओवली, खाली गाठ दिली. चकती सैलच ठेवली. उंदीर तिच्यावर उतरला की ती कलायची आणि उंदीर धपकन कडब्यात.

मग माझ्या दुपारी कोठ्यातच जाऊ लागल्या. मुलगी खाली बाजेवर निजलेली. वर तिफण, तण काढायचं डवरं, जू, बैलांच्या गळ्यातले जोते, सगळं अधांतरी. वारा आला की ते अगदी सावकाश वळायचं आणि चकत्यांचा उजेड भिंतीवरून, बैलांच्या पाठीवरून, मुलीच्या कपाळावरून फिरत जायचा. अर्धवट झोपेत मला वाटायचं, तिफण चालू लागली आहे, कौलांच्या फटीतून दिसणाऱ्या आभाळाच्या निळ्या पट्टीत कोणी तरी बी टाकून राह्यलं आहे, आणि आपण खाली जमिनीत, मऊ मातीत पडून आहोत. बैल रवंथ करायचे. जाग आली तरी उठावंसं वाटायचं नाही.

पुढच्या जेठात सासऱ्यांनी तिफण उतरवली. सरत्यांतून एकेक फुंकर मारली, जोत्याचं चामडं ओढून पाहिलं. कुठे दात लागलेला नव्हता. ते तिफण घेऊन वावरात गेले. मी भाकर घेऊन मागून पोचले, तर बैल जुंपून उभे होते. चाड्यावर मूठ धरायला, म्हणजे त्यात बी सोडत चालायला, दरवर्षी ते शेजारच्या एका जाणत्या म्हाताऱ्या बाईला बोलावत. ती आली नव्हती.

"यंदा चाड्यावर तू ये," ते म्हणाले.

"मले नाही जमणार, मामाजी."

"जमते. मूठ सैल ठेव फक्त."

मुलीला बाभळीखाली झोळीत ठेवलं आणि मी ज्वारीच्या बियाण्याचा ओटा कमरेला पदरात बांधला. दाणे बोटांतून निसटून तीन नळ्यांत सरसरत जात होते, तो आवाज पायांपर्यंत उतरत होता. पहिल्या ओळीला मी मागे पडत होते. मग बैलांची चाल आणि माझी चाल एक झाली.

आठ दिवसांनी आम्ही बघायला गेलो. हिरव्या रेघा सरळ उगवल्या होत्या. मधे एका जागी मात्र एक रेघ वीतभर तुटलेली.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं. "इथं कुठं गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

मला खरंच आठवेना. मी हसले, तेही हसले, आणि खिशातले चार दाणे काढून त्यांनी तिथे बोटाने टोबले.