दूध देवाला, पाणी गोळीला

दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी मी माझ्याच वर्गाच्या दारात अडकले. आत दुसरीची मुलं कलकलाट करत होती, माझ्या हातात खडू होता, आणि उजवा पाय फरशीला चिकटल्यासारखा जागचा हलेना. दुखत नव्हतं काही. मी जा म्हणत होते, पाय जात नव्हता, एवढंच. मुलांना वाटलं, बाई गंमत करून राहिल्या. ती हसली, मग हळूहळू गप्प झाली. त्या गप्प होण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी आजाराच्या नावाचीही वाटली नव्हती.

नाव तोवर कळलेलं होतं. पार्किन्सन, आपल्याकडे कंपवात म्हणतात. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार जात नाही, पण औषध बसलं की माणूस वर्षानुवर्षं आपली कामं करतो. मी त्यांचा शब्द धरून बसले. आमच्या घराण्यातली मी पहिली बी.ए. कापूस वेचणाऱ्या आईनं मला पांढुर्ण्याच्या कॉलेजात घातलं, त्यामुळे शिकलेल्या माणसाच्या शब्दावर माझा भरवसा. पण महिने गेले, गोळ्या पोटात जात राहिल्या, आणि ना हात थांबला ना पाय सुटला. फळ्यावरचं अक्षर मुंगीएवढं झालं. हेडसर भला माणूस, एक दिवस ऑफिसातली खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "म्याडम, तुम्ही इथंच बसत जा आता. वर्ग दुसरं कोणी पाहीन." दयेनंच बोलले ते. मला मात्र खुर्ची नको होती, वर्ग पाहिजे होता. तिगावच्या शाळेतला तो वर्ग मी स्वतःच्या बळावर मिळवला होता. तो गेला असता तर माझं म्हणावं असं थोडंच उरलं असतं.

शेजारच्या बाया म्हणत, कोणी काही करून ठेवलं असन. माझे यजमान असलं बोलत नाहीत. ते संत्र्याच्या बागेतले माणूस, सगळा भार मारुतीवर. त्यांनी पहिल्या दिवसापासून एक नेम धरला होता. गोळी देव्हाऱ्यातल्या मारुतीपुढे ठेवायची, वाटीभर दुधाचा नैवेद्य दाखवायचा, आणि त्याच दुधासोबत मी ती घ्यायची. औषध प्रसादासोबत गेलं की अंगाला लागतं, असं आमच्याकडे मानतात. गोळी रिकाम्या पोटी घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण दूध तर उपासालाही चालतं, आणि प्रसादाला कोणी खाणं म्हणत नाही. दर खेपेला डॉक्टर विचारत, "रिकाम्या पोटी घेता ना?" मी मनापासून हो म्हणायची.

शेवटी यजमान म्हणाले, "शनिवारी जामसावळीले जाऊ."

"मारुती का नस दाबून देणार हाय माही?"

"तू गोळी सोडू नको, मी देव सोडत नाही. दोघं मिळून काय करते ते पाहू."

जामसावळी आमच्या गावाहून सौंसरकडे जाताना लागते. तिथला मारुती उभा नाही, निजलेला आहे. लहानपणापासून पाहिलेली ती मूर्ती, पण त्या दिवशी रांगेत उभी असताना मनात आलं, तूही असाच पडून आहेस, तू मला काय उठवणार. असा माझा भाव. आणि नेमका उंबरठा आला तेव्हा पाय पुन्हा चिकटला. मागून रांग रेटत होती. यजमानांनी हात ओढला तर मी तोंडावरच पडणार होते.

"ओढू नका हो भाऊ, त्यानं अजून अडते," मागून आवाज आला. साठीची एक बाई पुढे आली. तिच्या हातात काठी होती, ती तिनं माझ्या पायापुढे आडवी धरली. "पाय उचलाचा म्हणू नको व बाई. ही काठी वलांडाची म्हण."

मी काठीकडे पाहिलं आणि पाय उचलला गेला. काठी ओलांडली, उंबरठाही ओलांडला. समोर मारुती निजलेला. मला काही मागायचं सुचलं नाही, नुसतं रडू आलं.

बाहेर झाडाखाली तीच बाई भेटली. काठी तिच्या यजमानांची होती. ते पारावर बसून कापऱ्या हातानं संत्रं सोलत होते. त्यांनाही हाच आजार, माझ्याहून कितीतरी जुना. तेवढ्यात माझ्या दुपारच्या गोळीची वेळ झाली. यजमानांनी घरून आणलेल्या नैवेद्याच्या दुधाची बाटली उघडली, आणि बाईनं माझा हात धरला.

"काय करून राहिली? गोळी दुधासंगं घेते?"

"प्रसादाचं हाय ते."

"तुह्यासाठी प्रसाद हाय. गोळीले का माहीत?" मग नवऱ्याकडे मान करून म्हणाली, "हे म्हाराज डाळभातासंगं घेत. मंग घंटाभर गाडी बंद. पाण्यासंगं घे, खाण्याच्या खूप पहिले. पण मी का डाक्टर नाही, तुह्या डाक्टरले विचार."

पारावरून म्हातारबुवा म्हणाले, "मले डाक्टरचं नाही, हिचंच भेव हाय." आणि सोललेली फोड त्यांनी माझ्यापुढे केली. हात हलत होता, फोड पडली नाही.

तिथूनच मी डॉक्टरांना फोन लावला. दुधाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दूध, डाळ, पनीर, यांच्यासोबत ही गोळी अंगाला पूर्ण लागत नाही. साध्या पाण्यासोबत घ्या, मग अर्धा-पाऊण तास थांबा. आणि या आठवड्यात येऊन भेटा." फोन ठेवून वळले तर बाई आणि म्हातारबुवा गर्दीत निघून गेले होते. नाव विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर गोळी पाण्यासोबत जाऊ लागली. डॉक्टरांनी मात्रा आणि वेळा नव्यानं बसवल्या, व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी ठेक्यावर लांब पावलं टाकायला लावली. काही आठवड्यांत एका सकाळी मी वेणी घातली आणि घातल्यावर लक्षात आलं की स्वतः घातली. यजमानांनी पाहिलं आणि ते देव्हाऱ्यापुढे जाऊन बराच वेळ बसले.

मग शाळा. वर्गाच्या दारात मी मुद्दाम थांबले आणि म्हटलं, "बेचा पाढा म्हणा रे, जोरात." मुलांनी सुरू केलं, बे एके बे, बे दुणे चार, आणि त्या ठेक्यावर मी दार ओलांडून सरळ फळ्यापर्यंत गेले. हातभर उंचीचं "क" काढलं. मागच्या बाकापर्यंत दिसेल असं. हेडसर दारात उभे होते. म्हणाले, "म्याडम, ऑफिसातली खुर्ची मंग?"

"तुम्हीच बसा सर," मी म्हटलं. "थकले दिसता."

आजार आहे. गोळी उतरत आली की हात सांगतो, काही दिवस जड जातात. पण वर्ग माझा आहे, आणि दार अडलंच तर पाढा आहे. जामसावळीला आम्ही जात असतो. त्या बाईला दर वेळी शोधते, अजून दिसली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. माझ्यापुढे काठी आडवी धरली गेली, एवढं मला पुरे. एवढे दिवस आम्ही गोळी देवापुढे ठेवत होतो, पण ती कशी लागू पडावी हेही आम्हीच ठरवत होतो. तो हट्ट सोडायला मला त्या निजलेल्या मारुतीच्या दारात अडकावं लागलं.

नेम मोडलेला नाही. यजमान आजही सकाळी गोळी मारुतीपुढे ठेवतात, शेजारी दोन भांडी मांडतात आणि रोज तेच म्हणतात, "दूध देवाले, पाणी गोळीले." मी पाणी पिते, वाट पाहते. दुधाचा चहा होतो, तोवर पाय चालायला तयार असतात.