हाल

लंडनमध्ये असताना आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध बलोच गृहस्थ एकटेच राहत. तिकडे ते मोठे पुढारी होते. बलुचिस्तानच्या हक्कांसाठी भांडले, निवडून आले, तुरुंगात गेले आणि शेवटी मुलूख सोडून लंडनला आले. आता बहुतेक वेळ ते इमारतीसमोरच्या बाकावर बसलेले असत.

मी दिसले की उर्दूत म्हणत, "ये बेटी, हाल दे." त्यांच्याकडे वाटेत कुणी भेटलं की आधी त्यानं आपली सगळी खबरबात सांगायची आणि दुसऱ्यानं मधे न बोलता ऐकायची, अशी रीत. मी साताऱ्याच्या पावसाचं, आईच्या गुडघ्यांचं सांगायची. ते मान डोलवत ऐकत. माणूस परमुलखात येतो तेव्हा घरदार तर सुटतंच, पण आपलं इतकं सावकाश ऐकून घेणारी माणसंही सुटतात.

एका थंडगार दुपारी ते टोपी हातात घेऊन बसले होते. मीच म्हटलं, "चाचा, आज तुम्ही हाल द्या."

ते म्हणाले, "धाकटा भाऊ गेला. काल दफन झालं. फोनवर सगळे मलाच विचारत होते, साहेब, आता पुढं काय? मी पुढाऱ्यासारखा बोललो. रडायचं राहूनच गेलं."

मग ते भावाबद्दल सांगू लागले. तो बलोच असून उंटाला घाबरायचा, म्हणून सगळे त्याला हसायचे. सांगता सांगता त्यांची उर्दू सुटली आणि ते बलोचीत बोलू लागले. मला एक शब्दही कळत नव्हता. अंधार पडेपर्यंत मी ऐकत राहिले.