जवाब न्हाई आला तर ओढणार

कस्तुराबाई माझी थोरली जाऊ. आमच्या गावात आजबी एखादी बाई नवऱ्यापुढं जरा तोंड वर करून बोलली की तो म्हणतो, "लय कस्तुराबाई होऊ नको." ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. ज्यांनी तिला नावेत बसलेली बघितली न्हाई, त्यांनी तिचं नाव कामून घ्यावं? म्हणून सांगायलेय. ऐकायचं तर नीट ऐका, मधी फाटे फोडू नका.

आमी भोई. ताडकळसच्या खालच्या अंगाला, गंगेच्या काठावर आमची घरं. बाहेरचे गोदावरी म्हणतात, आमची ती गंगाच. मासे धरायचे, माणसं ह्या काठावरून त्या काठावर न्यायची, अन् गंगेनं काही गिळलं तर ते काढून द्यायचं. कुणाची बैलगाडी, कुणाची पाण्याची मोटार, कवा कवा माणूस बी. बुडी मारायचे माझे थोरले दीर, सूर्यभान. नाव सांभाळायचा माझा नवरा, पंडित. घेतलं नाव, आता काय लाजायचं वय ऱ्हायलंय?

बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी असती, अन् तिचं दुसरं टोक नावेतल्या माणसाच्या हातात. आमच्यात दस्तूर असा की ती दोरी बायकोनं धरायची न्हाई. का? तर म्हणे बायकोचा जीव टिकत न्हाई. ती घाबरती, लवकर ओढती, अन् हाताला लागलेलं काम सुटून जातं. म्हणून दोरीवर चुलता, मामा, न्हाईतर गावातला कुणी गडी. बायकांनी काठावर बसायचं अन् देवाचं नाव घ्यायचं. सासूनं तेच केलं, तिच्या सासूनं तेच केलं. कस्तुराबाईनं बी लय वर्षं तेच केलं, मी खोटं कामून बोलू.

मंग गंगेवर पुलाचं काम निघालं. खडी-सिमेंट कालवायचं यंत्र घेऊन चाललेली कंत्राटदाराची लोखंडी नाव ऐन डोहात कलंडली अन् तळाला जाऊन बसली. पुलावरचा मुकादम दिनकरराव आमच्या दारात आला. माणूस वाईट न्हवता, पण लय घाईचा. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाचे दिवस. आज परभणी बंद, उद्या पूर्णा बंद, एसट्या जागच्या जागी उभ्या. डिझेल अडकायचं, मजूर अडकायचे, पुलाचं काम मागं पडायचं. ती सगळी कसर मुकादमाला आमच्या डोहातून भरून काढायची होती.

त्यानं हवेचं मशीन आणलं. गाडीच्या चाकात हवा भरायचं असतंय ना, तसलं. मशीन नावेत ठेवायचं, त्याचा रबरी पाइप दातात धरायचा अन् खाली जायचं. सगळं गाव बघायला लोटलं. सूर्यभानदादा तर लय खूश. आता दम संपायची फिकीर न्हाई, तळाला निवांत बसून लोखंडी नावेला साखळी अडकवता येती, मंग काठावरच्या चेनकप्पीनं ती वर ओढायची. वर आले की हसून सांगायचे, "खाली दुसरं घरच झालंय माझं."

कस्तुराबाईला ते हसणं पटलं न्हाई. मला म्हणाली, "पारू, आजवर माणसाचा दमच त्याला वर आणायचा. दम संपला की माणूस आपसूक यायचा. आता दमच संपत न्हाई, तर ह्यांना वर कोण आणणार?"

जवाब तिनंच काढला. दोरीवर बसणाऱ्या चुलत सासऱ्याचे हात त्याच सुमाराला थरथरायला लागलते, त्यांनीच सांगितलं की माझ्या भरवशावर राहू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आमी बघतो तर ही बया पदर खोचून नावेत बसलेली, अन् दोरी मांडीवर घेतलेली.

पंडित म्हणाला, "वैनी, उतरा. बायकोनं दोरी धरू न्हाई."

"कामून?"

"तुमी लवकर ओढताल."

"ओढीन की. लोखंड कुठं पळून चाललंय? उद्या बी तिथंच सापडंल. तुमचा भाऊ सापडंल का?"

काठावर गलका झाला. कुणी अपशकुन म्हणालं, कुणी डोक्यावर परिणाम झालाय म्हणालं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं अन् नवऱ्याकडं तोंड करून बोलली, "आवो, हे बघा. मी वरून दोरीला हिसका देणार, खालून तुमचा हिसका आला पाहिजे. जवाब न्हाई आला तर ओढणार. मंग तुमच्या हातात कंत्राटदाराचं यंत्र असो न्हाईतर खुद्द कंत्राटदार असो."

"खाली हात मोकळे नसतात," दादा म्हणाले.

"मंग करायचे मोकळे."

मुकादमाचं दुसरंच टुमणं. त्याला आमची नाव तळाच्या लोखंडी नावेलाच बांधायची होती. नाव हलली की पाइप तोंडातून निसटतो, मंग माणूस बुडायचा, असं त्याचं म्हणणं. ते अगदीच खोटं न्हवतं, दादाला आणि पंडितला बी पटलं होतं. एका गड्यानं आमच्या नावेला दोराची गाठ मारली सुद्धा. कस्तुराबाई उठली, सगळ्यांच्या देखत तिनं ती गाठ सोडली अन् दोर पाण्यात टाकून दिला.

"बुडालेल्याला नाव बांधायची न्हाई," ती म्हणाली. "तुमी काठावरून साखळी ताणणार, खाली लोखंड हलणार, अन् ते हललं की आमच्या नावेचं नाक पाण्यात. ताण आल्यावर गाठ कुणाच्या बापाला सुटत न्हाई. वरच्या अंगाला आमच्या नांगराचा दगड टाका, अन् पंडितला बांबू घेऊन उभा करा. भोयाच्या पोराला नाव एका जागी धरता येत नसंल तर बांबू माझ्याकडं द्या."

पंडितचा चेहरा बघायसारखा झालता. मी काठावर पदरात तोंड घालून हसले. नवरा असला म्हणून काय झालं.

दुसरा बुडी मारणारा मुकादमाकडं न्हवता, म्हणून तो दात-ओठ खाऊन गप बसला. अन् काम चाललं की हो, चांगलं चाललं. ती हिसका द्यायची, खालून हिसका यायचा. पण गावातल्या रिकामटेकड्यांना कुठं बघवतंय? पारावर दादा दिसले की सुरू. "काय सूर्यभान, बायकोनं दाव्याला बांधलंय म्हणं." "सोडती का मधी मधी चरायला?" आधी दादा हसण्यावारी न्यायचे. मंग हसायचे थांबले. मंग खालून जवाब उशिरा यायला लागला. कस्तुराबाई घरी येऊन भांडायची, अन् दादा ताटावरून उठून जायचे.

अन् एक दिवस जवाब आलाच न्हाई.

तिनं हिसका दिला. दोरी गप. जरा थांबून पुन्हा दिला. गप. तिसऱ्यांदा तिनं विचारलं न्हाई. पाय फळीला टेकवले अन् हातावर हात टाकत ओढायला लागली. पंडित "वैनी, वैनी" करायलता, तिनं वर बघितलं बी न्हाई. दादा वर आले ते खोकतच, पाइप तोंडातून सुटलेला, नाकातोंडात पाणी. खाली साखळीची कडी बसायलाच आलती, ती हातातून सुटली अन् अख्खी साखळी गाळात गेली. सगळी मेहनत पाण्यात.

"हात गुंतले होते माझे," दादा ओरडले. "कडी बसायलीच होती. मी काय मरायलो होतो का?"

"मरत असता तरी दोरी अशीच गप ऱ्हायली असती," ती म्हणाली. "मला वरून काय दिसतंय? गप दोरी मला एकच गोष्ट सांगती."

काठावर मुकादम कपाळ बडवायलता. गावातले दात काढायलते. दादानं त्या सगळ्यांकडं बघितलं अन् बायकोला म्हणाले, "उतर नावेतून. पुन्हा नावेत पाय ठेवू नको."

चारचौघांत असं बोलले. मला वाटलं आता ही रडंल. तिनं दोरीचं नीट वेटोळं केलं, फळीवर ठेवलं, अन् म्हणाली, "नाव तुमची हाय, उतरते. पण चुकले म्हणणार न्हाई."

घरी सासूबाई तिच्या मागं लागल्या. पाय धर, माफी माग, मिटव. ती चुलीपुढनं उठली बी न्हाई. "माफी कशाची मागू? जिता वर आणला त्याची?" माझ्यापाशी मातर तिचा बांध फुटला. मोटेच्या विहिरीवर पाणी भरताना घागर खाली ठेवली अन् हमसून हमसून रडली. "पारू, मला काय हौस हाय का गं लोकांत हसं करून घ्यायची? मला भ्या वाटतंय. हे खाली गेले की माझ्या हातात ती एक दोरीच असती." मी बी रडले. अन् त्या दिवशी पंडितशी जे भांडले, ते आमच्या शेजाऱ्यांना अजून याद असंल.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला हवं तसं झालं. नाव तळाच्या लोखंडाला आखूड दोरानं पक्की बांधली. नाव बांधलेली, मंग नावाडी कशाला? म्हणून पंडितला काठावर चेनकप्पीला लावलं. दोरीवर मुकादमाचा गडी. दादा कुणाकडं न बघता पाइप दातात धरून खाली गेले.

कस्तुराबाई काठावर गुडघाभर पाण्यात उभी. मुकादम म्हणाला, "बाई, तुमी घरी जा. इथं तुमचं काम न्हाई."

"नाव यांची, मशीन तुमचं. गंगा कुणाच्या कंत्राटात हाय ते सांगा, मंग जाते."

त्यानं तोंड फिरवलं अन् चेनकप्पीवाल्यांना साखळीचा सैलपणा काढून घ्यायला सांगितलं. सैलपणाच काढायचा होता, ताणायची न्हवती. पण आदल्या दिवशीची साखळी गाळात कशात गुंतलीय ते वरून कुणाला माहीत? तळाचं लोखंड हललं. आमच्या नावेचं नाक खाली गेलं अन् फळीवरून पाणी आत आलं. मशीन सरकलं. त्या गड्याची पाचावर धारण बसली. त्यानं दोरी खुंटीला गुंडाळली अन् डबा घेऊन पाणी उपसायला लागला. त्याला बी काय बोलावं, त्याला त्याचा जीव होताच की.

"दोरी," कस्तुराबाई ओरडली. "अरे दोरी धर." मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? तिनं कासोटा घट्ट केला अन् सरळ पाण्यात शिरली. "थांबवा," म्हणून पंडितनं चेनकप्पी सोडली अन् तो बी तिच्या मागं.

ती अर्ध्यात असताना दादा वर आले. आपले आपण, दोरी धरून. नडगी सोलून निघालेली, रगत पाण्यात उतरायलेलं. नावेची कड धरली अन् त्या गड्याला इचारलं, "दोरी कुणाच्या हातात होती?"

"ही काय, खुंटीला पक्की बांधलीय."

"मी हिसका दिलता."

"कवा?"

पुढं कवातरी दादानं घरात सांगितलं, लोखंड हललं तसा त्यांनी हिसका दिला. जवाब न्हाई. पुन्हा दिला, पुन्हा दिला. दोरी ताठ, पण पलीकडं माणूसच न्हाई. म्हणाले, "तळाला बसून वाटलं की वर सगळं जग मरून गेलंय." एवढंच सांगितलं, पुन्हा कवा त्यावर बोलले न्हाईत.

त्यांनी खुंटीची दोरी सोडली. तोवर कस्तुराबाई नावेपाशी पोचलती. तिच्या पुढं त्यांनी दोरीचं टोक केलं.

तिनं घेतलं न्हाई. पाण्यातच, नावेच्या कडेला लोंबकळत म्हणाली, "मी पुन्हा ओढणार. कडी बसायली असली तरी."

"ओढ."

"नाव लोखंडाला बांधायची न्हाई."

मागून पोचलेल्या पंडितनं नावेतला इळा काढून तो दोर कापला सुद्धा. कुणी सांगायच्या आधी. तेवढ्यापुरता मला माझा नवरा आवडला.

काठावरून मुकादम ओरडला, "बाई नावेत बसली तर काम बंद."

"बंद तर बंद," दादा ओरडले. "तुमीच या खाली साखळी बांधायला."

मंग ती म्हणाली, "काल चारचौघांत बोललात. ते चारचौघांत परत घ्या."

दादा खाली मान घालून काहीतरी पुटपुटले.

"मशीन चालू हाय," ती म्हणाली. "मला ऐकू न्हाई आलं."

ह्या काठाला गाव उभं, त्या काठाला बाजाराला निघालेले लोक उभे. दादानं मान वर केली अन् मोठ्यानं म्हणाले, "चुकलं माझं." तवा कुठं तिनं दोरी घेतली अन् नावेत चढली. मंग मुकादमानंच कुणालातरी दादाच्या पायाला बांधायला फडकं आणायला धाडलं.

पाणी उपसून झालं, मशीन जाग्यावर बसवलं, नांगराचा दगड वरच्या अंगाला पडला अन् पंडित बांबू घेऊन उभा ऱ्हायला. मी म्हणाले, आज राहू द्या. पण दादा ऐकायच्या तयारीत न्हवते. पायाला फडकं बांधून ते खाली गेले. तिनं जरा वेळानं हिसका दिला. खालून लगेच जवाब आला. तिनं हात मांडीवर ठेवला तोवर दुसरा हिसका, तिनं न मागता. मंग तिसरा. पंडित हसायला लागला, "दादा रागानं करायलाय वैनी, तुमाला चिडवायलाय." ती हसली न्हाई. ओल्या लुगड्यानं, दोन्ही हातांत दोरी धरून पाण्याकडं बघत बसलती, अन् खालून येईल त्या प्रत्येक हिसक्याला वरून हिसका देत होती.