समोरच्या हॉटेलातला चहा

सांगलीच्या स्टँडवर मुंबईची गाडी सुटायला आली, तेव्हा आईने खिडकीतून चकलीचा डबा आत दिला, मावशीने अंगाऱ्याची पुडी दिली आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सूचना दिली. "तिकडं गेल्यावर आधी मतदारयादीत नाव लाव. घरबीर होतंय मागनं." मुलगा पहिल्यांदाच परदेशी निघालाय आणि बाप सांगतोय काय! त्यांच्या शेजारी तात्या उभे होते, आण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "आणि ह्याच्यागत चुकीच्या माणसाला मत घालू नकोस." त्यावर दोघंही हसले, गाडी हलली, आणि माझं रडणं मी कराडपर्यंत उरकून घेतलं.

आण्णा आणि तात्या राजकारणात समोरासमोर होते, आणि बसायचेही समोरासमोर. आमच्या चौकात चहाची दोन हॉटेलं होती. एका गटाची माणसं इकडे, दुसऱ्या गटाची तिकडे. चहा दोन्हीकडे सारखाच पांचट. सकाळी एकाच वाड्यातून एकाच वेळी बाहेर पडलेले दोघे भाऊ चौकात आले की एक डावीकडे वळायचा, एक उजवीकडे. पण निकालाच्या दिवशी एक रीत होती. जो जिंकला त्याने हरलेल्याला जेवायला बोलवायचं. तात्यांचा माणूस पडला की आण्णा आईला सांगायचे, "पिठलं टाक. तात्या आज घरात जेवायचा नाही." मग तात्या येणार, तोंड पाडून बसणार, तिसऱ्या भाकरीपासून शिव्या द्यायला लागणार आणि आण्णा त्या शिव्यांवर तुपाची धार धरल्यासारखे "घे अजून, घे अजून" म्हणणार. आण्णांचा माणूस पडला की हाच प्रयोग तात्यांच्या घरी.

इकडे न्यूझीलंडमध्ये आल्यावर मी आज्ञाधारक मुलासारखं नाव लावलं. निवडणुकीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या हॉलमध्ये गेलो, तर लोक जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून, कुत्र्याला बाहेर बांधून, मत देऊन चालले होते. घोषणा नाही, रिक्षा नाही, भांडण नाही. टेबलामागची बाई म्हणाली, "किया ओरा, स्वीट ॲज," म्हणजे नमस्कार, सगळं झकास, आणि झालं. लायब्ररीचं पुस्तक परत केल्यासारखं वाटलं. आण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जेवायला कुणाला बोलवायचं?"

आता आण्णा नाहीत, तात्याही नाहीत. मी इकडचा पासपोर्ट घेतला, म्हणजे तिकडचं मतही गेलं. लोअर हटमध्ये घर, वेलिंग्टनमध्ये ऑफिस, मधे ट्रेन. त्या ट्रेनमध्येच मला मेतिन भेटला.

मेतिन तुर्कस्तानातला, अनातोलियाच्या मधोमधल्या एका लहान गावातला. इंजिनिअर, आमच्याच गल्लीत राहायचा. पहिल्याच दिवशी त्याने माझ्याकडे रोखून बघितलं आणि आवाज खाली करून विचारलं, "तुम्ही डावे का?" मी गडबडलो. तो म्हणाला, "तुमची मिशी." त्याच्या गावात म्हणे मिशीवरून पक्ष कळतो. वरच्या ओठावर अशी झुपकेदार पसरलेली असली की डावा, दोन्ही बाजूंनी हनुवटीपर्यंत उतरलेली असली की कडवा राष्ट्रवादी, आणि नीट कातरलेली बारीक असली की धर्माच्या बाजूचा. माझी मिशी केवळ आळसामुळे तशी होती. हे ऐकून तो इतका हसला की पुढच्या सीटवरच्या बाईंनी हेडफोन लावले. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, निदान एखाद्या देशात तरी तुम्हाला काही मतं आहेत असं वाटतं, हे काय कमी आहे!"

मग रोजच्या प्रवासात मेतिनकडून त्याचं राजकारण कळत गेलं. तिकडे म्हणे सरकारला लोक बाप म्हणतात, आणि बापाला घाबरावं तसंच त्याला घाबरतात, त्याच्यावर रुसतात, त्याच्याकडेच मागतात. दुकानात शिरलं की लोक आधी भिंत बघतात, कुणाचा फोटो लावलाय ते. मुलगी बघायला आलेल्यांना विचारतात, मुलाचे वडील कुठल्या चहाखान्यात बसतात? कारण त्याच्या गावातही चौकात दोन चहाखाने होते, समोरासमोर. मी ट्रेनमध्ये उभाच राहिलो. म्हटलं, "अरे, ही तर आमची सांगली!"

पण आमच्यासारखं पिठलं तिथे नव्हतं. मेतिनचे वडील आणि थोरला भाऊ रिझा एका चहाखान्यात बसायचे. मेतिन अंकाराला शिकून आला आणि एका सकाळी समोरच्या चहाखान्यात जाऊन बसला. मित्र तिथे होता म्हणून, एवढंच. मतंबितं नंतर आली. दुपारपर्यंत गावभर झालं, मेतिन तिकडे गेला. दुसऱ्या दिवशी मेतिनने पलीकडे पाहिलं तर वडिलांनी आपली नेहमीची जागा सोडली होती. मेतिनने त्याचा एकच अर्थ लावला, बापाला आता पोराचं तोंडही बघायचं नाही, आणि पुन्हा पलीकडे पाहिलंच नाही. त्याच वर्षी तो बाहेर पडला तो न्यूझीलंडपर्यंत आला.

पुढे कुठल्याशा मतदानावरून रिझाने फोनही बंद केला. वडील गेल्याचं मेतिनला एका आतेभावाकडून कळलं. तिकडे दफन त्याच दिवशी करतात. वेलिंग्टनहून कुठलं विमान त्याच दिवशी पोचतं?

आणि आता रिझा लोअर हटला येणार होता. मेतिनच्या मुलीचं, एलिफचं लग्न ठरलं होतं, आणि तिने परस्पर काकांना फोन करून बोलावलं होतं. इथेच जन्मलेली पोर, तिच्या मते राजकारणावरून भावाशी न बोलणं म्हणजे 'सो वीअर्ड'. काका आले, पण उतरले मोटेलात. भावाच्या घरी चहा घ्यायला तयार नाहीत. चहा घेतला म्हणजे बाजू घेतली! मेतिन माझ्याकडे आला. "तुझं घर कुठल्याच बाजूचं नाही," म्हणाला. "तिथे येईल तो."

माझी छाती फुगली. दोन राष्ट्रांची नव्हे, पण दोन चहाखान्यांची मध्यस्थी! वैशाली म्हणाली, "पुण्याला माझ्या माहेरच्या सोसायटीतला पार्किंगचा तंटा तुम्हाला मिटवता आला नव्हता. एकच करा. राजकारण काढू नका." मेतिनकडून कमरेत बारीक असलेले चहाचे ग्लास आणले, कोरा चहा उकळला, शंकरपाळे काढले.

मेतिन आधीच येऊन बसला होता, मग रिझा आबी आले. आबी म्हणजे दादा. उंच, वाकलेले, सूट घातलेले. आत येताच त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि मीही तिकडे बघितलं. गणपतीशेजारी आण्णांचा फोटो होता. एका सभेत ते आपल्या पुढाऱ्याला हार घालतायत. हा काढायचा राहिलाच होता! बसल्या बसल्या त्यांनी ग्लासवर चमचा आडवा ठेवला. त्यांच्यात त्याचा अर्थ, पुरे, ओतू नका. इथे तर पहिलाच चहा ओतायचा होता. वैशाली किटली धरून तशीच उभी.

त्यांनी तुर्कीत काहीतरी विचारलं. मेतिनने सांगितलं, "विचारतायत, हे पुढारी कोण?"

"माझ्या वडिलांच्या पक्षाचे."

"तुम्ही त्यांचे?"

"छे! मला त्यांचं काहीच पटत नाही."

"मग भिंतीवर कशाला?"

"वडिलांचा एवढा चांगला फोटो दुसरा नाही हो," मी म्हटलं. "हार घालताना तेवढे हसलेत."

मेतिनने ते सांगितलं. आबी परत फोटोकडे बघत राहिले. मग मला राहवेना. राजकारण काढू नका म्हटलेलं असूनही मी चौकातली हॉटेलं सांगितली, आण्णा-तात्या सांगितले, निकालाच्या दिवसाचं पिठलं सांगितलं. आबी ऐकत होते. त्यांनी चमचा उचलून बशीत ठेवला. वैशालीने चहा ओतला. मग ते मेतिनकडे न बघता, खिडकीबाहेर बघत सलग बरंच काही बोलले. मेतिन भाषांतर करायचं विसरला. मी दोघांकडे बघत बसलो, शंकरपाळे पुढे करत. आबींनी ग्लास संपवला, पुढे लग्न पाहिलं आणि परत गेले. मेतिनच्या घरी तेव्हाही गेले नाहीत.

ते काय बोलले, ते मला पुढच्या आठवड्यात ट्रेनमध्ये कळलं. मेतिन खिडकीकडे तोंड करून सांगत होता. "आबी म्हणाले, तू समोर जाऊन बसलास त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी खुर्ची खिडकीपाशी नेली. तुझा चेहरा दिसावा म्हणून. तू गेल्यावरही तिथेच बसायचे. मी म्हणायचो, आता तिथे कोण आहे? शेवटपर्यंत तिथेच बसले."

पेटोनी स्टेशन आलं, गेलं. मी मेतिनच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार, मी तर मध्यस्थ!

त्या संध्याकाळपासून मला एकच प्रश्न छळायला लागला. आण्णा कुठे तोंड करून बसायचे? लहानपणी शंभरदा त्यांना बोलवायला गेलो असेन. चहाचा वास आठवतो, बाकावरचा निघालेला खिळा आठवतो, पण आण्णांचं तोंड समोरच्या हॉटेलकडे होतं की नाही, ते आठवत नाही. आता विचारायला एकच माणूस उरला होता, तात्यांचा मुलगा सुरेश. तिकडच्या मागच्या निवडणुकीनंतर आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप फुटला. एकाचे दोन झाले, एकात तो, एकात मी. माझी बाजू जिंकली होती. रीतीप्रमाणे त्याला मी बोलवायला हवं होतं. पण लोअर हटहून बोलवायचं कुठे, असं म्हणून मी सोडून दिलं होतं, आणि सांगलीत माझ्या बाजूच्या ज्यांच्या घरी पिठलं टाकता आलं असतं त्यांनीही ते टाकलं नाही. तिकडे मागे राहिलेले सगळे, आणि आम्ही सगळे निघून आलेले, दोघांनीही ती रीत मिळून बुडवली.

सुरेशला फोन केला. बऱ्याच रिंग वाजल्या. तिकडे दुपार होती, मागे कुकरची शिट्टी.

"काय रे," तो म्हणाला. आवाज सपाट.

आण्णा हॉटेलात कुठे तोंड करून बसायचे, ते मी विचारलं. "कुणाला ठाऊक," तो म्हणाला. "आता दोन्हीकडं मोबाइलची दुकानं झाल्यात." फोन ठेवावा तर ठेववेना.

"जेवलास का?" त्याने विचारलं.

आमच्याकडे रात्रीची जेवणं होऊन भांडीही घासून झाली होती. वैशाली समोर ती पुसत उभी होती.

"नाही अजून," मी म्हणालो.

"मग ये की," सुरेश म्हणाला.