कादंबरीतली खूण आणि कानामागची जट

मी दारात चप्पल काढत होते आणि आत माझी भाची पाटावर बसली होती. गल्लीतल्या दोन बायका तिच्या पाया पडत होत्या. वाकून, पदर सावरून, देवळात पडतात तशा. भाचीचं वय सोळा. दहावीची परीक्षा नुकतीच देऊन झालेली. अंगात शाळेच्या सहलीचा जुना टी-शर्ट, आणि डाव्या कानामागं बोटाएवढा जाड केसांचा दोर लोंबत होता. त्यावर भंडारा चोपडलेला, पिवळाधमक.

"काय चाललंय हे?" माझा आवाज चढला असणार, कारण परड्यात धार काढत असलेला माझा भाऊ बादली हातात घेऊनच आत आला.

"अक्का, हळू बोल," तो म्हणाला. "जट आल्या तिला."

मी पुढं होऊन तो दोर नीट बघितला.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. केस गुंतून, चिकटून त्यांचा दोर झाला की देवीचं बोलावणं आलं असं मानतात. मग तो विंचरायचा नाही, कापायचा तर नाहीच. मंगळवार-शुक्रवार पूजा करायची. पूर्वी अशा मुलींचं पुढं काय व्हायचं, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या देवीच्या नावावर सोडल्या जायच्या, त्यांना लग्न नाही, घर नाही. आता कायदा आहे, आणि आमच्या घरात कुणी तसं मनातही आणणार नाही. पण त्यातलं निम्मं जरी झालं तरी पोरीचं वाटोळं व्हायला पुरतं.

मी या घरातली पहिली पदवीधर. बीए. रोज एसटीनं कोल्हापूरला जाऊन-येऊन केलेलं बीए. काळा झगा घातलेला माझा फोटो भावानं मोठा करून भिंतीवर लावलाय, पाहुणा आला की आधी तो दाखवतो. त्याच फोटोखाली त्या बायका वाकत होत्या.

इथं मला माझ्या वाचनाबद्दल बोलावं लागेल, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच झालं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. नोकरीला लागले तेव्हा इंग्रजी बोलायचं म्हटलं की दातखिळी बसायची. ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांच्या मुलीच्या जुन्या कादंबऱ्या दिल्या, तेरा ते अठरा वयाच्या पोरांसाठी लिहिलेल्या. कंपनीच्या बसमध्ये वाचायला लागले आणि सुटल्याच नाहीत. माझं इंग्रजी पोरासोरांच्या पुस्तकांनी सुधारलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आता चाळिशीतही तेच वाचते.

त्यातल्या रहस्यकथा मला सगळ्यांत जवळच्या. तिथं कुणी वयानं मोठं आहे म्हणून त्याचं खरं धरत नाहीत. गोड बोलणारे मास्तर असोत की शेजारच्या काकू, सगळ्यांना एकच प्रश्न: त्या वेळी तुम्ही कुठं होता? पंधरा वर्षांची पोरगी हा प्रश्न विचारते आणि मोठ्यांना उत्तर द्यावं लागतं. आमच्या घरात हा प्रश्न मी पंधराव्या वर्षी विचारला असता तर थोबाड रंगलं असतं.

उद्याच्या वाईट जगाच्या कादंबऱ्यांचा पहिला भाग मला झोपू देत नाही. शहराभोवती भिंत, सगळ्यांना एकसारखे कपडे, आणि सोळा वर्षं पुरी झाली की तू कोण हे वरचे लोक ठरवणार. दुसऱ्या भागात बंड होतं आणि तिसऱ्यात लेखक दमतो. नायिका दोन पोरांतला कुठला बरा यातच अडकून पडते. शिवाय सरकार पाडायला निघालेली ही फौज जेवते कधी? भाकरी कोण थापतं, भांडी कोण घासतं? चारशे पानांत एकदाही कळत नाही.

आणि जादूच्या दुनियेच्या कादंबऱ्या. यांच्याशी माझं वाकडं आहे. साधी पोरगी, अंगावर एक खूण. तळहातावर, नाहीतर मानेवर. मग कळतं, ही निवडलेली आहे, हिच्यात राजाचं रक्त आहे. मला संताप येतो. खूण नसलेल्यांनी मग काय करायचं? माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर पाळ्या करून गेले. माझ्या रक्तात कसली पदवी असणार? ती मी मिळवली.

भाचीला मात्र नेमक्या याच कादंबऱ्या आवडायच्या. माझं वाचून झालेलं पुस्तक ती न्यायची, मोबाइलवर शब्द बघत बघत पुरं करायची. "आत्ती, तुला मज्जाच कळत न्हाय," हे तिचं ठरलेलं. आमच्याकडच्या पोरींसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते. ती कोल्हापुरात माझ्याकडं राहून अकरावी सायन्स करणार होती. मी तिच्यासाठी खोलीतलं कपाट रिकामं करून ठेवलं होतं.

तिला कांजिण्या झाल्या तेव्हा आईनं मला येऊ दिलं नव्हतं, कारण मला लहानपणी त्या झालेल्या नाहीत. महिन्यानं आले, तर हे.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. आई पीठ चाळत होती.

"कांजिण्यांत हिचे केस विंचरलेस का तू?"

"खुळी का काय! अंगात देवी असताना फणी लावत्यात व्हय?"

"आणि अंघोळ?"

"कडुलिंबाच्या पाल्यानं पुसून काढलं. पोर नुसती पडून असायची."

"डाव्या कुशीवर?"

आईचा हात थांबला. "तुला कसं ठावं?"

"कारण जट डावीकडं हाय. महिनाभर फणी नाही, पाणी नाही, डोकं एकाच बाजूनं उशीवर. केस गुंतणार नाहीत तर काय होईल?"

"मग? देवीनं तीच बाजू धरली," आई म्हणाली आणि चाळण आपटली.

रहस्यकथेत या जागी गुन्हेगार कबुली देतो. आमच्या स्वयंपाकघरात आईनं पीठ मळायला घेतलं.

भाऊ दाराशी उभा होता. "अक्का, मला पण कळतंय," तो हळूच म्हणाला. "पण कापली आणि पोरीला काय झालं तर?"

"काय होणार आहे?"

"काय न्हाय होणार. पण झालं तर?" तोच पुढं म्हणाला, "कोल्हापूरचं कॉलेज यंदा ऱ्हाऊ दे. अशी पोर लांब ठेवायची न्हाय म्हणत्यात."

म्हणजे अकरावी गेली. यंदा गेली की पुढच्या वर्षी कुणी कॉलेजचं नाव काढत नाही, हे मी गावातल्या पोरींचं बघितलेलं आहे.

मी भाचीला परड्यात नेलं. मला वाटलं होतं, माझ्या गळ्यात पडून रडेल. मी म्हटलं, "बाळ, चल, कापून टाकूया."

ती दोन पावलं मागं सरली. "न्हाय आत्ती."

"भ्यालीस?"

"भ्यालो न्हाय. मला पायजे ती."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. "पाहिजे म्हणजे?"

"खूण हाय ती," ती म्हणाली, आणि तिचे डोळे चमकत होते. "सगळ्या पुस्तकात असंच असतंय की. साधी पोरगी असती, घरात कोण इचारत न्हाय. आजारी पडती, आणि उठती तर अंगावर खूण. घरातली आधी भित्यात. मग शहरातनं एक बाई येती आणि म्हणती, हे सगळं खोटं हाय. ती बाई कायम चुकीची निघती."

"ती बाई म्हणजे मी?"

"मग कोण?"

मी गोठ्याच्या भिंतीला टेकले. माझीच पुस्तकं. बसमध्ये वाचून, पानं न दुमडता तिला दिलेली.

"आत्ती, तुला ठाव न्हाय," ती भराभरा बोलत होती. "आजी मला इचारून भाजी करत्या. बाबा घरात आले की आधी माझ्याकडं बघत्यात. गल्लीतल्या काकू केळी आणून देत्यात. इतकी वर्षं सगळी मला ऊठ म्हणायची. आता बस म्हणत्यात."

यावर भाषण देता आलं असतं. कांजिण्या, केस, तेल, सगळं शास्त्र मला पाठ होतं. पण ती माझ्याशी वाचक म्हणून बोलत होती, तेव्हा मीही तशीच बोलले.

"तुझ्या त्या खुणेवाल्या कादंबरीचा दुसरा भाग वाचलास?"

"तू दिलाच न्हाईस."

"मग ऐक. दुसऱ्या भागात निवडलेल्या पोरीला किल्ल्यात ठेवतात. तिच्याच भल्यासाठी. सगळे तिला नमस्कार करतात आणि तिच्या नावानं सगळं दुसरेच ठरवतात. तिसऱ्यात लढाई. जिंकते ती. पण पहिल्या भागात तिला समुद्र बघायचा असतो ना? तो शेवटपर्यंत बघायचा राहतो."

"पण मला तर सगळी इचारत्यात."

"मग एक विचारून बघ. आत जा आणि म्हण, मला कोल्हापूरला कॉलेजला जायचंय. हो म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही. जट राहू दे."

ती गेली. मी तिथंच थांबले. आतून तिचा आवाज आला, मग आईचा, मग पुन्हा तिचा, जरा मोठा. म्हैस माझा पदर चाटत होती तरी मी हलले नाही.

ती परत आली.

"आजीनं हात जोडलं, आत्ती."

"काय म्हणाली?"

"'देवाचं माणूस घराभाईर कसं ठिवायचं? आई, तू फकस्त बसून ऱ्हा.' मला आई म्हणाली. हात जोडून न्हाय म्हणाली. नुसतं न्हाय म्हणाली असती तर मी भांडलो असतो. जोडलेल्या हातांबर कसं भांडायचं?"

तिनं कानामागचा दोर मुठीत धरला. मग म्हणाली, "कापूया. पण मी कापतो. तू न्हाय."

आम्ही दोघी आत आलो. कात्री कुणी दिली असेल? माझ्या भावजयीनं. इतका वेळ ती ब्लाउज शिवत मशीनवर गप्प बसली होती. मशीनच्या खणातली कात्री काढून तिनं लेकीच्या हातात ठेवली आणि सासूकडं न बघता म्हणाली, "रोज डोकं दुखतंय माझ्या पोरीचं. वजनानं."

आई उठून परड्यात निघून गेली. भाऊ गेला नाही, पण त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

जट एका झटक्यात कापत नाही. करकर करत, दोरखंड कापावा तशी कापावी लागते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. शेवटचा धागा तुटला आणि माझ्या छातीत धस्स झालं. माझ्या! दोन्ही हात आपोआप जोडले गेले होते. मी ते चटकन पदराखाली घेतले. बीए झालेली बाई मी, त्या क्षणी मनातल्या मनात देवीला सांगत होते, पोरीचं काही चुकलं नाही गं, राग धरू नकोस.

भावानं जट ताटलीत उचलून देव्हाऱ्यापुढं ठेवली. आई आत आली ती नातीजवळ गेली आणि तिच्या कपाळाला उलटा हात लावला. चहा झाल्यावर पुन्हा लावला. भावजयीनं डोक्याला तेल चोळता चोळता मानेला हात लावला. थोड्या वेळानं मीही लावला.

"आत्ती, तू पण?"

"उगीच बघितलं."

"हात लावून लावून तुम्हीच ताप आणशिला मला," ती म्हणाली. "भूक लागल्या. तिखट काय हाय का?"

आईनं मिरचीचा खर्डा आणि भाकरी वाढली. तिनं तीन भाकरी खाल्ल्या, नाक पुसत पुसत, आणि तिथंच चटईवर आडवी झाली. या वेळी उजव्या कुशीवर. आई तिच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. दोघींपैकी कुणी एकमेकींकडं बघितलं नाही. ती उठेपर्यंत आम्ही तिचा श्वास बघत बसून राहिलो.