अंजनाआत्याचा गॉगल

शर्यतीच्या जुन्या मोटारीच्या फोटोत दोन माणसं बसलेली असतात. त्यातल्या दुसऱ्याचं नाव तुम्ही कधी विचारलंय का?

मीही विचारलं नसतं, पण आमच्या मारेगावात अंजनाआत्या होती. सोयाबीनची मळणी सुरू झाली की ऐंशी ओलांडलेली ही बाई डोळ्यांवर कातडी पट्ट्याचा, गोल काचांचा गॉगल चढवून धुळीत उभी राहायची.

"आत्या, विमान चालवून राह्यली का वं?" बाया ओरडायच्या.

"बस मांगं, तुले वणीले सोडतो!"

गॉगल तिच्या वडिलांचा, दौलतचा. कापसाच्या जिनिंगचा इंग्रज साहेब मुंबईला समुद्राकाठच्या वाळूवर मोटार पळवायचा, तेव्हा शेजारी दौलत बसे. धावत्या गाडीत हातपंपानं पेट्रोलच्या टाकीत हवा भरायची, तेलावर नजर ठेवायची, मागून कोण येतंय ते ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. गाडी उलटली तर मरण दोघांना. जिंकली तर कप एकाला.

"माहा बाप किलिंडर होता," असं ती सांगायची, एखाद्यानं बाप कलेक्टर होता म्हणावं तसं. गाव दौलतला जातीनं हाक मारायचं. किलिंडर, म्हणजे क्लीनर, हा हुद्दा मात्र त्यानं स्वतः कमावला होता.

मागच्या वर्षी गॉगलचं ऐकून नागपूरचे एक संग्राहक तिच्याकडे आले. जुन्या शर्यतींचे बिल्ले, कप, फोटो जमवणारे. गॉगल त्यांनी रुमालानं हात पुसूनच हातात घेतला; माणूस खरा वेडा होता, हे कबूल.

"साहेबांचा ना हा?"

"नाही जी, माह्या बापाचा. किलिंडर होता तो."

"कॅलेंडर!" ते खुर्चीवरून उठलेच. "शर्यतींचं कॅलेंडरही आहे? कुठंय?"

"किलिंडर जी! त्याले भिंतीवर नाही टांगत, गाडीत बसवतेत."

हसणं ओसरल्यावर त्यांनी आपल्याकडचा फोटो काढला. गाडी, साहेब आणि शेजारी दौलत. आत्यानं त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं ते उचललंच नाही. खाली नाव फक्त साहेबाचं.

"गॉगल फुकट घेऊन जा," ती म्हणाली. "पण या फोटूखाली माह्या बापाचं नाव पाह्यजे."

ते घुटमळले. लोक साहेबाचं नाव वाचून येतात, म्हणाले. शिवाय हा दौलतच, याला पुरावा काय?

"मी माह्या बापाले वळखत नाही काय?" आत्यानं गॉगल त्यांच्या हातातून काढून घेतला.

मी तावातावानं भांडायला उठलो, तर तिनं मलाच दटावलं. "वरडू नको रे. नाव सांग. नाव सांगत राह्य."

या उन्हाळ्यात आत्या गेली. तो फोटो आता नागपुरात, त्या गृहस्थांच्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात लागलाय. खाली साहेबाचं नाव आणि पुढं लिहिलंय, 'व त्यांचा नोकर'. तिथं गेलात तर त्याच्यापुढे थांबा, शेजारच्या सीटकडे बोट दाखवा आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणा, "हा दौलत. मारेगावचा."