घटनेवर दोन शब्द

हसायचं तर आत्ताच हसून घ्या आणि कप खाली ठेवा, नाहीतर चहा अंगावर सांडेल. माझी जी फजिती झाली, ती आमच्या कुरुंदा पट्ट्यात अजून कुणाची झाली नसेल. आणि झाली कशामुळे? एका शब्दामुळे! गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन मी करतो. जयंती म्हणू नका, शाळेचं गॅदरिंग म्हणू नका, लोकांच्या लग्नातसुद्धा मी माईक ओढून घेतलाय. अशा माणसाला साधा मराठी शब्द कळू नये?

त्याचं असं झालं. जिल्हा परिषदेची निवडणूक लागलेली आणि इकडं आमची हळद निघालेली. हळद शिजवली, वाळत घालायची तर ताडपत्र्या कमी पडल्या. त्यात पहाटे वारं सुटलं आणि फाट्यावरचा सुनंदाताईंचा भलामोठा फ्लेक्स उडून थेट आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाला येऊन पडला. जाड, नवाकोरा, खोलीएवढा! तुम्हीच सांगा, कोण सोडेल? मी तो खळ्यात अंथरला आणि वर हळद पसरून दिली.

सुनंदाताई म्हणजे आमच्या गटातल्या उमेदवार. वसमतला वकिली करतात. नवरा अपघातात गेला, तेव्हापासून एकट्या. बाई बोलायला फटकळ. प्रत्येक सभेत त्यांचा एक प्रश्न ठरलेला, "नवरा गेला म्हणून बाईचं हळदीकुंकू काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?" बाया टाळ्या वाजवायच्या आणि म्हातारे खाली मान घालून तंबाखू मळत बसायचे. पण खुद्द ताईंना त्यांच्या भावकीत कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कुणी बोलत नसे.

तर हळद वाळली. मी हळद गोळा केली आणि माझ्याच पोटात गोळा आला. खाली ताईंचा चेहरा! कानापासून हनुवटीपर्यंत पिवळाधम्मक!

"म्या तवाच म्हणलं व्हतं, तोंडाची बाजू खाली करा म्हणून," आमची बायको शोभा म्हणाली.

"मग केली काहून न्हाईस?"

"तुमी ऐकता का कुणाचं?"

आता ही काय भांडायची वेळ होती? विचार करा. नवरा गेलेली बाई, निवडणुकीला उभी, आणि तिच्या फोटोला मी तोंडभर हळद फासलेली. विरोधकांनी पाहिलं तर घरोघरी मोबाइलवर फिरवतील. तिची थट्टा होईल, भर निवडणुकीत ती बिचारी मान खाली घालेल, आणि करणारा कोण? मी! पुन्हा बाई वकील. मला जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावेल.

मी बादली घेतली, साबणाचा चुरा घेतला आणि कपाळापासून घासायला सुरुवात केली. हळदीला साबण लागला की काय होतं, हे हिंगोली जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या भेदरलेल्या डोक्यातून ते नेमकं निसटलं. ताईंचं कपाळ लालभडक झालं!

तोंडाला हळद होतीच, आता कपाळाला कुंकूही लागलं. शोभानं फ्लेक्सची घडी घातली आणि कणगीमागं सारली.

आणि त्याच दिवशी बालाजीचा फोन! बालाजी म्हणजे ताईंचा प्रचार सांभाळणारा. एरवी त्याचा फोन आला की मी आरशासमोर जाऊन भांग पाडायचो. त्या दिवशी आधी दार लावून घेतलं.

"भाऊ, उद्या सांजच्याला समाजमंदिरासमोर ताईची सभा हाय. तुमाला घटनेवर बोलायचंय."

"कोणत्या घटनेवर?"

"कोणत्या म्हंजे? आपल्या काय दोन-चार घटना हायत का? एकच घटना हाय!"

"ताईला... माहीत हाय ती?"

"ताईला? आवो, तोंडपाठ हाय!"

"बालाजी, ती मिटवता न्हाई का येणार?"

"काय बोलून राहिले भाऊ! घटनेला कुणी हात लावला तर ताई त्याला सोडत नसत्या."

मी भिंतीला टेकलो. "पण लोकांसमोरच बोलायला पाहिजे का?"

"मंग! तुमच्या तोंडून आलं की वजन पडतं. आन हां, कलमं बघून या. सारी नका घेऊ. चौदा, पंधरा, सतरा, एकवीस, एवढी बास झाली."

"एवढी कलमं?"

"ही तर थोडीच हायत. एकूण तीनशेच्या वर हायत!"

फोन ठेवला आणि शोभाला सांगितलं. ती म्हणाली, "एका फलेक्सला तीनशे कलमं?"

"वकील हाय बाई. हुडकून काढली असतील."

"माफी मागा सरळ. पाया पडा."

माफी! ज्या माईकवरून मी गावाला शिस्त शिकवतो, त्याच माईकवरून? त्यापेक्षा पळालेलं बरं. वारंगा फाट्याला माझी बहीण राहते. निवडणूक होईपर्यंत तिच्याकडं राहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीत दोन कपडे कोंबले आणि तोंडाला उपरणं गुंडाळून आमच्या फाट्यावर ऑटोची वाट बघत उभा राहिलो. नशीब बघा. ऑटो आलाच नाही, आली ती ताईंच्या प्रचाराची जीप!

"भाऊ! आमी तुमालाच न्यायला येऊन राहिलो व्हतो," बालाजीनं दार उघडलं. "पण तुमी असं तोंड काहून बांधलं?"

"धूळ लई हाय."

"आन पिशवीत काय?"

"कपडे. तिथूनच मला नेलं, तर असू द्यावेत म्हणून."

"तिथून कुठं नेणार तुमाला?" बालाजी हसायला लागला. मला मात्र त्याचं हसणं पोलिसासारखं वाटलं.

समाजमंदिरासमोर सगळं गाव जमलेलं. पुढच्या ओळीत बौद्धवाड्यातल्या कौशल्यामावशी. त्यांच्या आवाजाला माईक लागत नाही आणि त्यांना चुकीचं बोललेलं चालत नाही. बायांमध्ये आमची शोभा, मांडीवर मोठी पिशवी. स्टेजवर ताई, शांत बसलेल्या. माझ्याकडं बघून त्या चक्क हसल्या. वकील अशा वेळी हसला म्हणजे केस मजबूत, असं मी ऐकून होतो.

बालाजी ओरडला, "आता आपले भाऊ घटनेवर दोन शब्द बोलतील!"

मी माईक धरला. धरला म्हणजे, पडू नये म्हणून त्याचाच आधार घेतला.

"बंधू-भगिनींनो, लपवून उपयोग नाही. घटना माझ्याच हातून झालेली आहे."

कौशल्यामावशी उठल्या. "तुझ्या हातानं? बाबासाहेबांनी लिवली ती घटना! तू कवा लिवलीस रे?"

मला वाटलं, मावशी भलतंच काहीतरी काढतायत. मी रेटून पुढं बोललो, "माझा हेतू वाईट नव्हता. वाऱ्यानं घटना घडली. नंतर मी घटना साबणानं धुऊन काढायचाही प्रयत्न केला..."

"धुऊन काढतो म्हंतो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पण ती आणखीच बिघडली. मला या घटनेची लाज वाटते. तेव्हा सगळ्यांना विनंती आहे, घटना विसरून जा. आपण आपसात घटना मिटवून टाकू!"

मग जो गलका झाला! अर्धी सभा उभी राहिली. मावशींनी पदर खोचला आणि स्टेजच्या दिशेनं निघाल्या. "मिटव! मिटवून दाखव! बघते मी!" बालाजी कपाळाला हात लावून खाली बसला. पळायचं तर एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मावशी.

ताई उठल्या. त्यांनी हात वर केला तशी सभा दबली. "भाऊ, तुम्ही कोणत्या घटनेबद्दल बोलताय?"

"फ्लेक्सच्या, ताई."

"कोणता फ्लेक्स?"

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ताईंना काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं! घटना म्हणजे संविधान! कलमं संविधानाची! बालाजीनं एकदा तरी संविधान म्हटलं असतं, तर काय जीभ झिजली असती त्याची? आता माघार घ्यावी म्हणून मी तोंड उघडलं, तोवर शोभा उठून पुढं आली होती. पिशवीतून तिनं फ्लेक्स काढला आणि सगळ्या गावासमोर उलगडला.

पिवळा चेहरा. कपाळावर लाल.

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. कोर्ट बाजूलाच राहिलं, ही बाई आता सगळ्यांसमोर रडेल आणि ते माझ्यामुळं, हीच भीती होती.

ताई फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. कपाळावरच्या लाल डागावरून बोट फिरवलं.

"साबण लावला का हळदीला?" त्यांनी विचारलं.

"व्हय ताई. चुकलो."

"ते गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकू लावलं नाही," ताई म्हणाल्या. "मी सभांमधून बोलते, पण घरी बोलावणं कुठून येत नाही. लागलं ते आज असं लागलं. बालाजी, हा फ्लेक्स स्टेजमागं बांध."

चारचौघांत कधी तोंड न उघडणारी आमची शोभा म्हणाली, "ताई, औंदा आमच्याकडं या हळदीकुंकवाला. म्या स्वतः बलावून राहिले." दोन-तीन बाया तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मीही उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं, खोटं कशाला सांगू?

ताईंनी डोळे पुसले आणि संविधानाच्या उद्देशिकेची स्टेजवरची तसबीर माझ्या हातात दिली. "भाऊ, आता खऱ्या घटनेवर. बोलू नका काही, फक्त हे वाचा."

एवढं सोपं काम! सगळं समोर छापलेलं. पण मावशी अजून पदर खोचूनच समोर उभ्या आणि माझी नजर तसबिरीपेक्षा त्यांच्याकडंच. मी घसा साफ केला, छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आम्ही, भारताचे लोक, झाल्या प्रकाराबद्दल सर्वांची जाहीर माफी मागतो!"